घाटात जीप तापतीय, पण दोष रेडिएटरचाच कशावरून?

या वेळचं पत्र कोल्हापूरजवळच्या कळंब्याहून आलंय. नाव छापू नका म्हणालेत, म्हणून नुसतं पत्रच देतो, थोडं आटपून:

"माझ्याकडं १९९६ ची महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, वडिलांनी घेतलेली, फोर बाय फोर अजून चालू आहे. रानात नेतो, अधूनमधून कोकणात पण जातो. गावात, अगदी रंकाळ्यावर रविवारच्या गर्दीत सुद्धा काटा निम्म्याच्या खालीच असतोय. पण वैभववाडीकडनं करूळचा घाट चढताना गाडीत चार माणसं आणि सामान असलं की काटा लाल पट्टीला लागतोय, दोनदा थांबून पाणी घालायला लागलं. मिस्त्रींनी मागच्या उन्हाळ्यात थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप) काढून टाकला, थोडे दिवस बरं वाटलं, परत तेच. दर आठ-पंधरा दिवसांनी अर्धा लिटर पाणी मावतंय, खाली थेंब कुठं दिसत नाही. पाणी आमच्या बोअरचंच घालतो. टायर जरा मोठे टाकलेत. आता मिस्त्री म्हणतोय मोठा रेडिएटर टाक. टाकू का? पुढच्या महिन्यात मालवणला जायचंय."

राम राम दादा. आधी उत्तर देतो मग बाकीचं बोलू. नको. निदान अजून तरी नको. कारण साधं आहे, ही जीप याच मापाच्या रेडिएटरवर कंपनीतनं बाहेर पडली आणि तुमच्या वडिलांनी भरल्या गाडीनं असले घाट चढवले असणारच की, तेव्हा पुरत होता ना? मग आता पुरत नाही म्हणजे मधल्या काळात काहीतरी बदललंय, आणि ते काय बदललंय ते न बघता मोठा रेडिएटर बसवला तर एक-दोन वर्षं बरी जातील, मग तोच बोअरच्या पाण्यानं भरणार आणि परत हेच पत्र लिहायला लागणार. मिस्त्रीवर चिडू नका, गिऱ्हाईक दारात उभं राहून "आजच करा" म्हटल्यावर तो पण काय करणार.

तुमच्या पत्रात सगळ्यात कामाचं वाक्य कुठलं माहितीय का, रंकाळ्याचं. गाडी कधी तापते यावरनं निम्मं निदान होतंय. जागेवर उभी असताना, गर्दीत तापत असेल आणि रस्त्याला लागल्यावर उतरत असेल तर हवेचा घोटाळा, म्हणजे फॅन, बेल्ट, फॅनभोवतीचं काउल म्हणजे कडं. जागेवर गार आणि जोर पडला की गरम, तर पाणी पुरेसं फिरत नाही किंवा फिरतंय पण उष्णता सोडत नाही, म्हणजे रेडिएटरची जाळी आतनं-बाहेरनं बुजलेली, पाण्याचा पंप कमजोर, नाहीतर खालचा होज, म्हणजे रबरी पाइप, चेपतोय. आणि कधीही, कसंही, सकाळी थंड इंजिनावर पाच मिनिटांत पाणी उसळत असेल तर हेडकडं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाकडं बघायचं. तुमचं दुसऱ्यात बसतंय. तरी तिसऱ्याची खात्री करून घ्यायचीच, ते खाली सांगतो.

बाहेरनं सुरुवात करा, फुकटचं काम आहे. रेडिएटरच्या मागं, इंजिनाच्या बाजूला टॉर्च धरा आणि पुढनं जाळीतनं बघा. उजेड सगळीकडनं सारखा आला पाहिजे. तुमची गाडी रानात जाते म्हटल्यावर काय दिसणार ते मला इथं बसून सांगता येतंय, खालच्या तिसऱ्या हिश्श्यात वाळलेल्या चिखलाचा पापुद्रा, त्यात रुतलेलं पाचट, आणि वर राखाडी लोकरीसारखा थर. तो थर म्हणजे उसाचा तुरा. थंडीत तुरा आलेल्या फडाच्या कडंनं दोन-चार फेऱ्या मारल्या की ते बी-कापूस उडून थेट जाळीवर बसतंय, त्यावर तेलकट धूळ, आणि मग पाण्यानं नुसतं वरनं शिंतडून निघत नाही. धुवायचं ते इंजिनाच्या बाजूनं पुढं, म्हणजे जिकडनं घाण आत आली तिकडंच बाहेर ढकलायची. साध्या नळीचं पाणी, थोडा साबण, अर्धा तास भिजू द्या, परत पाणी. सर्व्हिसिंगवाल्याची प्रेशरची गन जवळनं मारू देऊ नका, फिन्स, म्हणजे जाळीतल्या पातळ पत्र्या, झोपतात आणि झोपलेली फिन म्हणजे कायमची बंद खिडकी. डिझेल-रॉकेल पण मारू नका, त्यावर दुसऱ्या दिवशी दुप्पट धूळ चिकटते. पाण्यातनं, ओढ्यातनं गाडी काढली की त्याच संध्याकाळी हे करायचं, चिखल वाळायच्या आत.

हे करताना फॅनभोवतीचं काउल जागेवर आहे का बघा. जुन्या जीपांत ते निम्म्या वेळा गायब असतंय, कुणीतरी बेल्ट बदलताना काढलं, परत लावायला कंटाळा केला, आणि गॅरेजच्या माळ्यावर पडून राहिलं. ते नसलं की फॅन जाळीतनं हवा ओढायच्या ऐवजी आजूबाजूचीच गरम हवा घुसळत बसतो. आणि जाळीपुढं हौसेनं लावलेले चार दिवे, भोंगे, मोठा क्रॅश गार्ड असलं काही असेल तर ते पण हवा अडवतंय. क्रॅश गार्डवर तसंही केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच कारवाई करायला सांगितलंय, तेव्हा तो काढायला दोन कारणं झाली.

आता आतलं. बोअरचं पाणी हा माझ्या मते तुमचा खरा गुन्हेगार. घरातल्या गिझरची कॉइल कधी बाहेर काढून बघितलीय का? तो पांढरा टणक थर असतो ना, तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि त्याहून वाईट म्हणजे हेडमधल्या पाण्याच्या वाटांत बसतो. धातूकडनं पाण्याला आणि पाण्याकडनं जाळीला उष्णता द्यायची तर मधे हा दगड. त्यात तुम्ही आठवड्या-पंधरवड्याला नवीन अर्धा लिटर घालताय, म्हणजे दर वेळी नवीन क्षार. असं वर्षानुवर्षं.

तेव्हा गाडी पूर्ण गार असताना, म्हणजे रात्रभर उभी राहिल्यावर, रेडिएटरचा खालचा कॉक उघडा आणि इंजिन ब्लॉकला पण पाणी सोडायचा नट असतो, तो बरेच जण विसरतात, तो पण काढा. पाणी बादलीत घ्या, गटारात सोडू नका. एक, ते मोजता येतं. मॅन्युअलात जेवढं पाणी लिहिलंय त्यापेक्षा बरंच कमी निघालं तर एकतर कुठंतरी गाळ बसलाय नाहीतर नट चोंदलाय, तार घालून बघा. दोन, रंग कळतो. गढूळ तांबडं असेल तर आतनं गंज, वर तेलाचा तवंग असेल तर गोष्ट वेगळीकडं चाललीय.

मग होज काढून रेडिएटर उलटा धुवायचा, खालच्या तोंडातनं नळी लावून पाणी वरनं बाहेर. ब्लॉक पण तसाच, थर्मोस्टॅटच्या जागेतनं पाणी सोडून. स्वच्छ पाणी येईपर्यंत. बाजारात फ्लशची बाटली मिळते ती वापरायला हरकत नाही, बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ आणि नंतर भरपूर पाणी. पण गॅरेजमध्ये कुणी बाथरूमचं ॲसिड ओतायला निघाला तर हात धरा, क्षार जाईल आणि त्याबरोबर डाग दिलेले सांधे पण जातील.

एवढं करूनही वरनं ओतलेलं पाणी खालनं झपकन न येता रडत-रडत येत असेल तर रेडिएटर खोलायचा. तुमचा जुना ओरिजिनल तांब्या-पितळेचा असेल तर नशीबवान आहात, वरची टाकी डाग वितळवून काढतात, एकेका नळीतनं पातळ पट्टी फिरवून क्षार काढतात आणि परत डाग देऊन बंद करतात. रॉडिंग म्हणतात त्याला. उद्यमनगरात चौकशी करा, हे काम जाणणारा माणूस सापडेल, पण "दाब देऊन टेस्ट करून दे" हे आधीच सांगून ठेवा. नवीन ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी असलेल्या रेडिएटरला हे करता येत नाही, तो फेकायचा. म्हणून पण म्हणतोय, जुना पितळी मोडीत घालून नवा घ्यायची घाई नको.

भरताना बोअर बंद. कूलंट घ्या आणि त्यात बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी. तयार मिश्रण मिळतं त्यात काहीच घालायचं नसतं, घट्ट मिळतं त्यात डब्यावरच्या प्रमाणात पाणी, बहुतेक निम्मं-निम्मं. आता कोल्हापुरात काय बर्फ पडत नाही तर कूलंट कशाला, हे मला दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. गोठणं राहू दे बाजूला, त्यातलं गंज न चढू देणारं औषध आपल्याला पाहिजे असतंय, आणि उकळायचा बिंदू पण वर जातो. उलट्या टोकाला जाऊन नुसतं घट्ट कूलंट ओतायचं पण नाही, उष्णता वाहून न्यायला पाणीच भारी, कूलंटमधलं ग्लायकॉल त्याच्यापेक्षा कमी, त्यामुळं जास्त कूलंट म्हणजे जास्त गार असं काही नसतंय. हिरवं जुन्या पद्धतीचं असेल तर साधारण दोन वर्षांनी बदला. रंगावर भरवसा ठेवू नका, रंग कंपनी कुठलाही टाकते, डब्यावरची जात वाचा आणि दोन जाती मिसळू नका. आणि हो, ते गोडसर लागतं आणि विषारी असतं, बादली अंगणात उघडी ठेवून चहाला जाऊ नका, कुत्री पितात. पोरं असली तर आणखी जपून.

थर्मोस्टॅट. यावर मी जरा कडक बोलणार आहे. काढून टाकायची ही जी पद्धत पडलीय ना आपल्याकडं, ती बंद झाली पाहिजे. काढल्यावर थोडे दिवस बरं वाटलं म्हणता, म्हणजे जुना अर्धवट अडकलेला असणार, तो बदलायचा होता, काढायचा नव्हता. आता काय झालंय, गावात काटा निम्म्याच्याही खाली, म्हणजे इंजिन धड गरमच होत नाही. डिझेल इंजिन असं अर्धगार चाललं की सकाळी पांढरा धूर, डिझेल जास्त, ऑइलात काळा चिकटा, लायनर-रिंगांची झीज. आणि काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करत असतो, तोच नसला की बरंचसं पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं, म्हणजे जोर पडला की उलट जास्त तापतं. तेव्हा नवीन आणा, गॅस्केटसकट. बसवायच्या आधी घरात तपासा, पातेल्यात पाणी, दोऱ्याला बांधून मधे लोंबकळत ठेवा, तळाला टेकवू नका, दुधाचा थर्मामीटर असला तर तो पण सोडा. थर्मोस्टॅटवर आकडा कोरलेला असतो, ८२ किंवा ८८ असा काहीतरी, त्याच्या आसपास तोंड उघडायला लागलं आणि उकळीच्या जवळ बऱ्यापैकी उघडलं की पास. नवीन असला तरी तपासा, नवीन पण खोटे निघतात. वहिनी ओरडल्या तर जुनं पातेलं घ्या.

आता तुमचं ते गायब होणारं अर्धा लिटर. दर वेळी पाणी घालताना काठोकाठ भरताय का? माझा अंदाज, होय. जुन्या जीपला जर ओव्हरफ्लोची बाटली नसेल आणि गळ्यापासची बारीक नळी नुसती खाली सोडलेली असेल, तर काठोकाठ भरलेलं टिकणारच नाही. गार पाणी ८०-९० डिग्रीपर्यंत गेलं की सुमारे तीन टक्क्यांनी फुगतं, सिस्टीम दहा लिटरची धरली तर तीन-साडेतीनशे मिली, ते त्या नळीतनं रस्त्यावर. गाडी गार झाली की पातळी खाली, तुम्ही परत काठोकाठ. असं हे चक्र. रस्त्यातच सांडतंय म्हणून घरी थेंब दिसत नाही. तेव्हा जाळीच्या नळ्या बुडतील एवढंच भरा, वर बोटभर-दोन बोटं जागा सोडा आणि आठवडाभर न घालता नुसतं बघत राहा. किंवा बाटली जोडून घ्या, पण मग रेडिएटरचं झाकण पण दोन रबरांचं, पाणी परत ओढून घेणारं पाहिजे.

झाकण ही सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात दुर्लक्षित. आपल्या कोल्हापूरच्या उंचीवर उघडं पाणी ९८ च्या आसपास उकळतं. तेच ०.५ बारचं झाकण नीट दाब धरत असेल तर ११० पर्यंत उकळत नाही, ०.९ चं असेल तर ११७-११८. म्हणजे रबर कडक झालं, स्प्रिंग मेली की ही सगळी शिल्लक गेली, इंजिन खरं म्हणजे फार तापलेलं नसतं तरी पाणी उसळून बाहेर. नवीन घेताना जुन्यावरचा किंवा मॅन्युअलातला आकडा जुळवा, जास्त दाबाचं चांगलं म्हणून लावाल तर जुना होज नाहीतर डाग कुठंतरी फुटेल.

बेल्ट, पंप, होज याचं पटकन सांगतो. बेल्ट दोन पुल्यांच्या मधे अंगठ्यानं दाबला की साधारण एक-सव्वा सेंटिमीटर दबावा, आतनं चिरा असतील तर बदला आणि जुना बरा असेल तर सीटखाली ठेवा. पंपाची पुली हातानं हलवा, खडखड वाटली किंवा पंपाच्या खालच्या बारीक भोकातनं पाण्याचा ओघळ, डाग दिसला की पंप बदलायच्या मार्गावर. खालचा होज मऊ पडलेला असेल तर रेस वाढवल्यावर आत चेपतो, मिस्त्रीला रेस द्यायला सांगून तुम्ही बघा, हात फॅनपासनं आणि शर्ट-उपरणं बेल्टपासनं लांब ठेवून. तुमच्या लक्षणात हा बसतो, घाटात जास्त रेसवरच हे होणार, गावात नाही. काही होजच्या आत चेपू नये म्हणून स्प्रिंग असते, ती गंजून गेली की कुणी परत टाकत नाही.

हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधली पट्टी. इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढा, पाणी भरलेलं ठेवून गाडी चालू करा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येणारच, आत अडकलेली हवा असते ती. पण हवा निघून गेल्यावर पण बुडबुडे एकसारखे येतच राहिले, रेस दिल्यावर वाढले, ऑइलच्या झाकणाला दुधाळ तपकिरी फेस दिसला, किंवा गाडी गार झाल्यावर पण वरचा होज दगडासारखा टणक राहिला, तर वरचं सगळं काम बाजूला ठेवा आणि हेड खोला, फेसिंग करून घ्या, म्हणजे हेडची बसायची बाजू सपाट करून घ्या. तशा अवस्थेत नवा रेडिएटर म्हणजे पैसे पंचगंगेत.

बाकी इंजिनावर जोर कशानं वाढलाय ते पण बघायला पाहिजे, नुसतं गार करणाऱ्या बाजूलाच बघून चालत नाही. मोठे टायर टाकले म्हणता, त्यानं सगळे गिअर लांब झाले, आधी तिसऱ्यावर ओढायची तिथं आता दुसरा लागतो आणि आपण सवयीनं तिसऱ्यातच दामटतो. कमी आरपीएमवर पाय दाबून धरला की उष्णता तेवढीच पण पंप आणि फॅन मात्र हळू फिरतायत, कारण ते दोन्ही इंजिनावरच चालतात. करूळ असो की भुईबावडा, आवाज वाढला तरी दुसरा टाका. ब्रेक कुठं धरतोय का, चाक जॅकवर उचलून फिरवून बघा. डिझेल पंपाचा स्क्रू कुणी "पिकअप वाढवतो" म्हणून फिरवलाय का ते विचारा, काळा धूर येत असेल तर तो पण मूळ जागेवर आणायचा. आणि डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकून घाट चढू नका, कोरड्या रस्त्यावर पुढचं-मागचं एकमेकांशी भांडत बसतं आणि जोर फुकट जातो. चिखलात, कच्च्या चढाला मात्र बिनधास्त फोर बाय फोरचा लो गिअर टाका, तिथं उलट फायदाच आहे.

तरी पण घाटात काटा चढलाच तर लाल पट्टीची वाट बघायची नाही, पाऊण झाला की सावलीत बाजूला घ्या. पाणी अजून आत असेल, वाफ नसेल, तर लगेच बंद करू नका, न्यूट्रलमध्ये थोडी रेस धरून दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, फॅन आणि पंप फिरू देत. वाफ निघतीय किंवा काटा एकदम पडला, म्हणजे पाणीच गेलंय, मग मात्र ताबडतोब बंद. झाकणाला अर्धा तास तरी हात नाही. आणि पाणी घालताना इंजिन चालू करून, हळूहळू, तापलेल्या हेडवर गार पाण्याची बाटली एकदम रिकामी केली की हेडला तडा जातो.

भरल्यावर हवा काढायचं विसरू नका, गाडीचं तोंड चढाकडं करून उभी करा, झाकण काढून स्लोवर चालू ठेवा, वरचा होज हातानं दाबत राहा, पातळी खाली गेली की भरा, थर्मोस्टॅट उघडून वरचा होज गरम झाला की झाकण लावा. आणि काट्यावर आंधळा विश्वास नको, हेडलाइट लावल्यावर काटा हलत असेल तर अर्थिंगची बोंब आहे. गॅरेजमध्ये तापमान मोजायची गन असते, ती थर्मोस्टॅटच्या घरावर मारून काट्याशी ताडून बघा, आणि त्याच गननं जाळी वरनं खाली, डावीकडनं उजवीकडं तपासा, मधेच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत.

मालवणचं म्हणाल तर आधी पन्हाळा. वाघबीळवरनं वर, तीच चार माणसं, तेवढंच सामान, दुपारच्या उन्हात. करूळएवढा लांब चढ नाही पण घराजवळ आहे, टोइंग करायला लागलं तरी परवडतंय. वर पोचल्यावर काटा कुठं आहे ते लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना पाणी किती कमी झालं ते बघा. काटा निम्म्याच्या थोडा वर आणि पाणी जवळपास तेवढंच असेल तर खुशाल जा, कॅनमध्ये चार-पाच लिटर कूलंटचं मिश्रण, जुना बेल्ट, दोन होज क्लिप आणि एक झाकण बरोबर घेऊन. नसेल तर या खेपेला मालवणला एसटीनं जा आणि जीप हेड बघायला गॅरेजला लावा.